वय वाढतं तसं टेन्शन हाताळायची पद्धत कशी बदलायची

घरात साठीच्या पुढचं कोणी असेल किंवा तुम्ही स्वतःच पन्नाशीला टेकला असाल, तर एक समजूत आधी डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे "वय झालं की माणसाला टेन्शन झेपत नाही". हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो आणि त्याच्यापायी घरातल्या मोठ्या माणसांपासून गोष्टी लपवतो, त्यांच्या हातातले निर्णय काढून घेतो, आणि जिथे त्यांना खरंच मदत पाहिजे असते तिथे मात्र "त्यांना सवय आहे" म्हणून सोडून देतो. खरं तर वयाबरोबर दोन गोष्टी उलट्या दिशेने जातात. मन ताण हाताळण्यात तरबेज होत जातं, आणि शरीर त्या ताणातून सावरायला जास्त वेळ घ्यायला लागतं. या दोन्ही गोष्टी एकदा नीट कळल्या की काय करायचं ते बरंचसं सुचतं, म्हणून आधी तेवढं बघू आणि मग कामाचं बोलू.

मन कुठे पुढे जातं

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर कित्येक वर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की आपल्या हातात किती वेळ उरलाय असं आपल्याला वाटतं, त्यावर आपण कशाला महत्त्व देतो ते ठरतं. तरुणपणी पुढे भरपूर वेळ आहे असं वाटतं म्हणून माणूस नव्या ओळखी, नोकरी, प्रमोशन यांच्या मागे धावतो आणि त्यात मनस्ताप झाला तरी सोसतो. वय वाढलं की जवळची चार माणसं आणि मनाला बरं वाटेल ते, एवढ्यालाच वेळ द्यावासा वाटतो. आई म्हणते ना "जाऊ दे, कशाला त्यांच्या नादी लागायचं", तेव्हा ती हरलेली नसते, आपली शक्ती कुठे घालवायची नाही हे तिला पक्कं कळलेलं असतं.

पेन स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड अल्मेडा यांनी अमेरिकेत एक मोठा अभ्यास केला, लोकांना सलग आठ दिवस रोज संध्याकाळी फोन करून आज काय काय त्रास झाला ते विचारायचं, आणि असं साधारण २० वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा करायचं. त्यात पंचविशीतल्या लोकांनी जवळपास निम्म्या दिवशी काही ना काही ताण आल्याचं सांगितलं आणि सत्तरीतल्या लोकांनी साधारण ३० टक्के दिवशी. २०२० मध्ये कोविड आला तेव्हाही हेच दिसलं. सगळ्यात जास्त धोका ज्येष्ठांना, पण अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये मनाचा त्रास तरुणांनीच जास्त सांगितला.

आता हे सगळं तिकडचं, हे मी विसरत नाही. आपल्याकडे पेन्शन नसलेली, सत्तरीतही शेतात राबणारी, औषधाच्या पैशासाठी मुलाच्या तोंडाकडे बघणारी माणसं गावोगाव आहेत, आणि पैशाची विवंचना असेल तर वयाचं शहाणपण किती पुरं पडणार. पण मन कच्चं होतं हे मात्र सरसकट खरं नाही, एवढं लक्षात ठेवा.

शरीर कुठे मागे पडतं

ताण आला की शरीरात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही हार्मोन्स वाढतात, हृदय जोरात चालतं, बीपी चढतं, रक्तात साखर येते. त्या क्षणापुरतं हे चांगलंच असतं. मग काम झालं की मेंदू "पुरे आता" असा निरोप देतो आणि सगळं खाली येतं. हा निरोप देण्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा हात असतो, तोच भाग आठवणी साठवायलाही लागतो, आणि वयाबरोबर हाच भाग थोडा थोडा कमजोर होतो. त्यामुळे वाढलेलं कॉर्टिसोल खाली यायला वेळ लागू शकतो. ताणाला शरीर जो प्रतिसाद देतं तो वयाबरोबर वाढतो आणि बायकांमध्ये हा फरक पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. शिवाय रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात त्यामुळे तेवढ्याच भांडणात वरचं बीपी तरुणापेक्षा जास्त उसळतं.

जॅनिस किकोल्ट-ग्लेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९९५ चा एक प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या बायका आणि त्यांच्याच वयाच्या पण असली जबाबदारी नसलेल्या बायका, दोघींच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम केली, आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले! म्हणजे मनावरचा ताण हातावरच्या जखमेत दिसला. आपण म्हणतो ना "काकू खचल्या", ते नुसतं बोलण्यापुरतं नसतं.

२०१० मध्ये सुझन चार्ल्स या मानसशास्त्रज्ञांनी या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या. ताण टाळता येण्यासारखा असेल, किंवा लवकर संपणारा असेल, तर वयस्क माणसं तरुणांपेक्षा चांगली निभावतात. पण तो टाळताच आला नाही आणि महिनोन्महिने चालला, तर मनाची ती सगळी हुशारी वापरायलाच मिळत नाही आणि मग शरीराला तरुणांपेक्षा जास्त फटका बसतो. म्हणून इथून पुढे मी जे काही सांगतोय ते सगळं एकाच गोष्टीभोवती आहे, ताण किती मोठा आहे यापेक्षा तो किती दिवस चाललाय आणि मधे सावरायला वेळ मिळतोय का, हे बघायचं.

आधी कागद घ्या

मोबाईलवर नको, कागदच घ्या. सध्या डोक्याला ज्या ज्या गोष्टींचा त्रास आहे त्या लिहा, छोट्या मोठ्या सगळ्या, आणि प्रत्येकीपुढे "हे कधी संपणार" ते लिहा. आईबाबांसाठी करत असाल तर त्यांच्या शेजारी बसून त्यांनाच बोलू द्या, तुम्ही नुसतं लिहून घ्या, कारण त्यांना कशाचा त्रास होतोय याचा आपला अंदाज बऱ्याचदा चुकतो. आपल्याला वाटतं आई गुडघ्याच्या ऑपरेशनला घाबरलीय, आणि तिला खरी काळजी असते की त्या महिनाभरात बाबांच्या पथ्याचं कोण बघणार.

काही गोष्टींपुढे तारीख येईल. मोतीबिंदूचं ऑपरेशन, नातीचं लग्न, सोसायटीचं रीडेव्हलपमेंट सुरू होऊन भाड्याच्या घरात जायचं. यांना घाबरायचं कारण नाही फक्त दोन एकावर एक येऊ द्यायच्या नाहीत. घर बदलायचं असेल त्याच आठवड्यात दात काढायची अपॉइंटमेंट घेऊ नका, एवढं साधं.

काही गोष्टींपुढे तारीख नसेल पण त्या सोडता येतील. फॅमिली ग्रुपवरचे राजकारणाचे वाद, रात्री नऊच्या बातम्यांमधली आरडाओरड, सोसायटीच्या मीटिंगमधलं पार्किंगचं भांडण, ज्या नातेवाइकाकडे गेलं की दोन दिवस डोकं फिरतं तिथलं जाणं. या सोडून द्या आणि सोडताना अपराधी वाटून घेऊ नका. तिशीत असं पळ काढणं बरोबर नसतं, कारण तेव्हा भांडून काहीतरी मिळवायचं असतं, शिकायचंही असतं. पासष्टीत त्यातून मिळणारं काही उरलेलं नसतं आणि बीपी मात्र खरं असतं. ज्येष्ठ माणूस एखाद्या वादातून गप्प उठून गेला तर घरच्यांनी "असं काय करता, बोला ना" म्हणून त्याला परत खेचू नये, तो त्याच्या वयाला योग्य तेच करत असतो.

आणि काही गोष्टी अशा निघतील की ना तारीख ना सुटका. त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, कारण खरा धोका तिथे आहे.

एक काम, एक दिवस : हयातीच्या दाखल्याचं उदाहरण

नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. वरवर बघितलं तर अर्ध्या तासाचं काम पण पंचाहत्तरीच्या माणसाच्या डोक्यात ते ऑक्टोबरपासून घोळत असतं, कारण पेन्शन बंद पडली तर काय, ही भीती खरी असते, आणि त्यात मागच्या वर्षी मशीनने अंगठा घेतलाच नव्हता. वयाने बोटांवरच्या रेषा झिजतात त्यामुळे हे फार जणांचं होतं.

तर असं करा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊच नका, बँकेत पेन्शनचीच गर्दी असते. दहा तारखेनंतरचा दिवस ठरवा आणि तो कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने लिहू द्या, तारीख ठरली की रोजचा घोर निम्मा होतो. आदल्या संध्याकाळी एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये आधार कार्ड, पासबुक, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर लिहिलेला कागद, चष्मा आणि ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो मोबाईल चार्ज करून ठेवा. सकाळी नाश्ता आणि बीपीची गोळी झाल्यावर निघा, उपाशी पोटी रांगेत उभं करू नका. अंगठा लागला नाही तर चेहरा दाखवून दाखला देता येतो, जीवन प्रमाण या सरकारच्या ऑनलाईन दाखल्याच्या योजनेत ती सोय २०२१ पासून आहे आणि ती घरबसल्या मोबाईलवरही होते, फक्त उजेड चांगला पाहिजे. केंद्र सरकारचे पेन्शनर ऐंशीच्या पुढचे असतील तर त्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणजे नोव्हेंबरची धावपळच नको.

आणि काम झालं की त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. आपली सवय अशी की "आलोच आहोत तर लॅबमध्ये रक्तही देऊ, येताना त्या मावशींनाही भेटू". आपल्याला ती बचत वाटते पण त्यांचं शरीर अजून बँकेच्या रांगेतूनच बाहेर आलेलं नसतं. घरी या, जेवा, आडवं पडू द्या.

हीच रीत बाकी सगळ्याला लावा, कोर्टाची तारीख असो, व्हिसाचा इंटरव्ह्यू असो की मोठं फॅमिली फंक्शन. लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवशी पोचा, मधे तासभर पडायला खोली आहे का ते आधी विचारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचा हट्ट करू नका.

पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईन ऐंशीच्या घरात असताना त्यांना विचारलं होतं की या वयात इतकं चांगलं कसं वाजवता. त्यांनी सांगितलं ते असं, की मी वाजवायच्या रचना कमी केल्या, त्या थोड्यांचाच जास्त रियाज करतो, आणि जलद भाग यायच्या आधी लय जरा उतरवतो म्हणजे पुढचा भाग जलद वाटतो. पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या जोडप्याने म्हातारपणाबद्दल जो सिद्धांत मांडला त्यात हे उदाहरण नेहमी दिलं जातं. निवडायचं, निवडलेलं नीट करायचं, आणि जे कमी पडतं त्याला दुसरा मार्ग शोधायचा. चार भाज्यांचा स्वयंपाक झेपत नसेल तर एक आमटी आणि एक भाजी, पण ती तिच्या हातची. सगळा स्वयंपाक काढून घेऊन "आई तू बस आता" म्हणणं म्हणजे तिला आराम नाही, तिच्याकडे होतं तेही काढून घेणं.

निर्णय त्यांच्याकडे राहू द्या

यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण प्रेमापोटी सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमच्या खोलीची मांडणी, वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही ठरवा, आणि एक झाड पसंत करून घ्या, त्याची काळजी तुम्हीच घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की आम्ही तुमची सगळी काळजी घेऊ, झाडही दिलं पण त्याला पाणी नर्स घालणार. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त ताजीतवानी, जास्त मिसळणारी आणि खूश दिसली. फरक काय होता, तर थोडंसं स्वतः ठरवणं.

आपल्याकडे बाबा निवृत्त झाले की पासबुक मुलाकडे, औषधांचा डबा सुनेकडे, रिमोट नातवाकडे. मग दिवसभर बाबा चिडचिड करतात आणि आपण म्हणतो वयामुळे स्वभाव बदलला. वर्तमानपत्र कुठलं, फिरायला कधी, कुठल्या डॉक्टरकडे, घरात गणपतीला नैवेद्य काय, हे त्यांना ठरवू द्या, आणि ते जे ठरवतील ते खरंच करा, नुसतं विचारून आपलंच रेटू नका.

वाईट बातमी लपवायची की सांगायची, हा प्रश्न तर प्रत्येक घरात येतो. मुलाची नोकरी गेली, मुलीचं घटस्फोटाचं चाललंय, "आईला नको सांगायला, बीपी आहे तिला". पण आईला कळतंच, तुमच्या आवाजावरून कळतं, आणि मग ती एकटी रात्रभर स्वतःच अंदाज बांधत बसते, आणि तो अंदाज खऱ्यापेक्षा भयंकर असतो. शिवाय तिला तारीखही माहीत नसते, म्हणजे तो न संपणारा ताण झाला. त्यापेक्षा सांगा, सकाळी सांगा म्हणजे दिवसभर बोलता येतं, समोर बसून सांगा, आणि बातमीबरोबर पुढे काय करणार तेही सांगा. "आई, माझी नोकरी गेली. सहा महिने पुरेल एवढं बाजूला आहे, दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झालेत, तुझ्या औषधाला काही कमी पडणार नाही." आणि मग तिचा सल्ला विचारा. तिने १९८० च्या दशकातला गिरणी संप, घरातली आजारपणं, दुष्काळ, काय काय पाहिलेलं असतं, तिच्याकडे सांगण्यासारखं असतं.

चाळिशी-पन्नाशीवाल्यांनी काय करायचं

इथे बऱ्याच जणांची गाडी तिशीच्याच पद्धतीने चालू असते, म्हणजे जागरण, कॉफी, "वीकेंडला झोपून काढू". मुलांची दहावी-बारावी, आईवडिलांची हॉस्पिटलं, होम लोन, सगळं एकदम. बायकांची पाळी साधारण याच काळात जायला लागते, रात्री घाम येऊन झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी साधी गोष्टही अंगावर येते, ते सगळं "तुला हल्ली फार राग येतो" यात गुंडाळू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यावर उपाय आहेत.

या वयात दोन सवयी लावून घ्या, पुढे त्याच कामाला येतात. पहिली म्हणजे मदत मागायची, आणि नेमकी मागायची. दुसरी म्हणजे अंग हलवायचं. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल इतपत चालणं, हे जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांनाही सांगते, आणि त्यांना त्याच्या जोडीला तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही करायला सांगते, कारण पडून हाड मोडलं की त्याच्यासारखा लांबलचक ताण दुसरा नाही. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, भिंतीच्या कडेने टाच-पंजा चालणं, एवढ्यानेही सुरुवात होते.

रिटायर होणाऱ्यांसाठी एकच सांगतो. राज्य सरकारी नोकरीत बऱ्याच जणांची निवृत्ती ५८ ला असते आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं काढायची असतात. निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेनऊला कुठे जायचं हे आधीच ठरवून ठेवा. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, एखादं भजनी मंडळ, गावाकडची शेती, काहीही चालेल, पण ठरलेल्या वेळी घराबाहेर आणि आपली वाट बघणारी माणसं तिथे पाहिजेत. दिवसभर घरात बसून बायकोच्या स्वयंपाकघरात सुधारणा करायला गेलात तर दोघांचंही बीपी वाढेल.

ना तारीख ना सुटका : घरातल्या आजारी माणसाची सेवा

आता तो तिसरा प्रकार. अडुसष्ट वर्षांच्या काकू आणि पंचाहत्तरीचे काका, काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय. रात्री दोनदा उठून कूस बदलायची नाहीतर पाठीला बेडसोअर, सकाळी स्पंज, डायपर, मग मऊ केलेलं जेवण चमच्याने, फिजिओथेरपिस्ट येतो तेव्हा त्याच्याबरोबर उभं राहायचं, आणि मधे येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा. मुलगा पुण्यात किंवा न्यू जर्सीत. फोनवर विचारतो "कशी आहेस", काकू म्हणतात "मी बरी आहे, बाबांचं बघ". जखम उशिरा भरलेल्या त्या बायका म्हणजे याच काकू.

इथे प्राणायाम करा, सकारात्मक राहा, असलं सांगून काही होत नाही. ताण कमी करता येत नाही तर तो मधे मधे तोडायचा. काकूंना आठवड्यात ठरलेले सुटीचे तास मिळाले पाहिजेत, जमलं तर मिळतील असे नाही, तर मंगळवार आणि शनिवार चार ते सात असे पक्के, आणि त्या वेळात घरात दुसरं माणूस असलंच पाहिजे. काकू त्या वेळात भिशीला जातील, देवळात जातील, नाहीतर शेजारच्या घरी जाऊन झोपतील, काय करायचं ते त्यांचं. "पण मला सोडून जाववत नाही" असं त्या पहिल्यांदा म्हणणारच, तरी दोन-तीन आठवडे नेटाने लावून धरा.

नातेवाईक "काही लागलं तर सांगा" म्हणतात आणि ते मनापासून म्हणत असतात, पण काकू कधीच सांगणार नाहीत. म्हणून मुलाने किंवा मुलीने कामं वाटायची. "मामा, दर महिन्याची औषधं तुम्ही आणायची." "वहिनी, गुरुवारचा डबा तुझ्याकडून." "दादा, रात्रीच्या अटेंडंटचे निम्मे पैसे तू." परदेशातल्या मुलांनी तर हे नक्कीच घ्यावं, कारण अटेंडंट पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करणं, मेडिक्लेमचे कागद, बिलं, ऑनलाईन ऑर्डरी हे सगळं कुठूनही होतं. रात्रीचा अटेंडंट परवडत असेल तर दिवसाच्या आधी रात्रीचा ठेवा, काकूंना सलग झोप मिळणं हे बाकी कशापेक्षाही मोठं औषध आहे.

डिमेन्शिया असेल तर अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करतेय, तिथे विचारा. आणि काकूंची स्वतःची तपासणी वर्षातून एकदा ठरवून टाका, बीपी, शुगर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२. सेवा करणाऱ्या माणसाचं दुखणं घरात कोणालाच दिसत नसतं, त्यालाही नाही.

ताण अंगावर निघतोय हे कसं ओळखायचं

साठी-सत्तरीतली माणसं "मला डिप्रेशन आलंय" म्हणत नाहीत. ती म्हणतात भूक नाही, पोट साफ होत नाही, छातीत जळजळतं, अंग दुखतं, पहाटे तीनला जाग येते. गोष्टी विसरायला लागतात, आवडीची मालिका लावत नाहीत, कट्ट्यावर जाणं बंद करतात. दोन आठवडे असं चाललं तर डॉक्टरकडे न्या. विसरभोळेपणा आला म्हणजे डिमेन्शियाच असं धरून बसू नका, डिप्रेशनमुळेही स्मरणशक्ती तशीच दिसते आणि ते उपचारांनी सुधारतं. थायरॉईड किंवा बी-१२ कमी असलं, किंवा लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीने सोडियम उतरलं, तरी माणूस गोंधळल्यासारखा होतो. आणि ऐकू कमी यायला लागलंय का तेही बघा, ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलण्यातून अंग काढून घेतो आणि आपल्याला वाटतं तो रुसलाय.

एक गोष्ट ताबडतोब करायची. जवळचं माणूस गेलं, मोठा धक्का बसला आणि त्यानंतर छातीत दुखलं, दम लागला तर "धक्का बसलाय, होईल बरं" म्हणून घरी बसू नका. मोठ्या मानसिक धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता कमजोर पडतो असा एक आजार आहे, ताकोत्सुबो नावाचा, जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास तो पहिल्यांदा सांगितला, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्येच तो जास्त दिसतो. हार्ट अटॅक की हे, ते घरी ओळखता येत नाही. थेट हॉस्पिटल.

झोपेच्या गोळीबद्दल. वयाबरोबर गाढ झोप कमी होतेच, झोप लवकर येते आणि पहाटे लवकर उडते, त्यामुळे नऊला झोपून तीनला उठणारा माणूस आजारीच असतो असं नाही. शेजाऱ्याने दिलेली किंवा जुन्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी म्हाताऱ्या माणसाला देऊ नका, रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन पडायची भीती असते. आणि जी रोज चालू आहे ती एकदम बंदही करू नका, दोन्ही डॉक्टरला विचारूनच. दुपारची झोप अर्ध्या तासाची, सकाळचं ऊन, संध्याकाळी पाचनंतर चहा बंद, रात्रीच्या जेवणानंतर पाणी बेताने, इथून सुरुवात करा.

ताण चढलाय असं वाटलं त्या क्षणी करायला सोपं म्हणजे श्वास. मिनिटाला साधारण सहा, सोडताना लांब आणि सावकाश. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखून धरू नका, नुसता हळू सोडा. हरिपाठ, रामरक्षा, जप संथ लयीत मोठ्याने म्हटला तरी सोडलेला श्वास आपोआप लांबतो, ज्यांना "व्यायाम" म्हटलं की नको वाटतं त्यांना हे आवडतं.

आता फोन. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी एल्डरलाईन १४५६७. आणि "तुमच्या नावावर पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" असे फोन हल्ली एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनाच शोधून शोधून येतात, डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नसतंच हे आईबाबांना दोनतीनदा सांगा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावायचा. हे तिन्ही नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये मराठीत नाव टाकून सेव्ह करा आणि मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोनच्या जागेजवळ भिंतीला चिकटवा, त्या कागदावर तुमचा नंबर सगळ्यात वर, आणि तुम्ही लांब राहत असाल तर दहा मिनिटांत घरी पोचेल अशा एका शेजाऱ्याचा त्याच्या खाली, त्या शेजाऱ्याला आधी विचारून.